खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी राहाव्यात म्हणून नर्व्ह ब्लॉक घ्यावा का?

मृदगंधा:

नमस्कार. माझ्या आईचे वय ७८ वर्षे आहे. काल सकाळी घरातच तोल जाऊन ती पडली आणि मांडीचे हाड खुब्यापाशी, हाडाच्या मानेत, मोडल्याचे एक्स-रेमध्ये दिसले. उद्या दुपारी शस्त्रक्रिया ठरली असून मोडलेला गोळा काढून त्या जागी कृत्रिम गोळा बसवणार आहेत. आज भूलतज्ज्ञ तिला तपासून गेले. भूल पाठीतून देऊ आणि त्याखेरीज जांघेजवळ एक नर्व्ह ब्लॉक, म्हणजे मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, देऊ, म्हणजे नंतरचे दुखणे आटोक्यात राहील, असे त्यांनी सांगितले. त्यांना पुढच्या रुग्णाकडे जायची घाई होती, त्यामुळे माझ्या शंका विचारायच्या राहूनच गेल्या.

पाठीतून भूल दिल्यावर कमरेखालचा भाग बधिर होणारच असेल, तर हे वेगळे इंजेक्शन कशासाठी? या ब्लॉकने पाय लुळा पडतो आणि रुग्णाला चालवायला उशीर होतो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. दुसऱ्या एकांच्या मते त्यांना दिलेला ब्लॉक मुळी लागलाच नव्हता. आईचे मूत्रपिंड थोडे अशक्त असल्याने सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिला चालत नाहीत, आणि काही वर्षांपूर्वीच्या एका शस्त्रक्रियेनंतर जोरदार वेदनाशामक इंजेक्शने दिल्यावर ती दोन रात्री भ्रमात होती, आम्हाला ओळखतही नव्हती. रक्त पातळ राहण्यासाठी ती ॲस्पिरिनची लहान गोळी घेते. संमतिपत्रावर सही करण्याआधी जाणकारांचे मत कळले तर बरे होईल.

भूलवैद्य:

मी भूलतज्ज्ञ आहे. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. परंतु तुम्ही दिलेल्या माहितीवरून पाहिले तर ब्लॉकचा ज्यांना सर्वाधिक लाभ होतो अशा रुग्णांमध्ये त्या नेमक्या बसतात.

पाठीतून दिलेली भूल शस्त्रक्रियेपुरती असते. साधारण दोन ते चार तासांत ती उतरते आणि खुब्याची खरी वेदना त्यानंतर सुरू होते. जांघेजवळ दिलेला ब्लॉक मात्र औषधाचा प्रकार आणि मात्रा यांनुसार आठ ते सोळा तास, क्वचित त्याहूनही अधिक काळ काम करतो. काही ठिकाणी पाठीतल्या भुलेतच ०.१ मिलिग्रॅमसारख्या अत्यल्प मात्रेत मॉर्फिन मिसळतात. त्याचा परिणाम सुमारे दिवसभर टिकतो, पण अंगाला खाज सुटणे, मळमळणे आणि लघवी अडणे हे त्याचे त्रास आहेत, आणि आईंचा पूर्वानुभव पाहता मी तरी तो मार्ग मागे ठेवीन.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. हाड मोडलेल्या रुग्णाला सर्वाधिक यातना शस्त्रक्रियेच्या आधी होतात. बेडपॅन देताना, एक्स-रेसाठी सरकवताना, पाठीतून भूल देण्यासाठी कुशीवर वळवताना किंवा बसवताना मोडलेली टोके हलतात आणि रुग्ण कळवळतो. त्यामुळे हा ब्लॉक उद्या शस्त्रक्रियेच्या शेवटी देण्यापेक्षा आजच देता येईल का, हे अवश्य विचारा. खुब्याचे हाड मोडलेल्या प्रौढ रुग्णांवरील अशा ब्लॉकचा, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ४९ चाचण्यांमधील तीन हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. ब्लॉक दिल्यानंतर अर्ध्या तासात, हालचाल करतानाची वेदना दहाच्या मापावर सुमारे अडीच अंकांनी कमी झालेली त्यात आढळली आणि शस्त्रक्रियेच्या काळात भ्रम होण्याचे प्रमाणही घटलेले दिसले. तुमच्या आईंच्या बाबतीत हा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. वृद्धांमध्ये अनियंत्रित वेदनेनेही भ्रम होतो आणि ती शमवण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनीही होतो. ब्लॉक ही कात्री दोन्ही बाजूंनी सैल करतो.

कोणता ब्लॉक देणार हेही विचारून घ्या, कारण खुब्याला एकाच मज्जातंतूचा पुरवठा नसतो. सांध्याच्या पुढच्या आवरणात वेदना जाणणारे तंतू सर्वाधिक असतात आणि ते फीमोरल, ऑब्च्युरेटर तसेच काहींमध्ये असणाऱ्या सहाय्यक ऑब्च्युरेटर या मज्जातंतूंकडून येतात. मागच्या बाजूला सायटिक आणि नितंबाकडचे मज्जातंतू आहेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला, जिथे बहुधा छेद असतो, तिला एक स्वतंत्र मज्जातंतू आहे. त्यामुळे कोणताही एक ब्लॉक संपूर्ण खुबा बधिर करत नाही. तुमच्या नातेवाइकांना ब्लॉक ‘लागलाच नाही’ असे वाटले, त्याचे एक कारण हेही असू शकेल की पुढची वेदना गेली, पण नितंबाकडची किंवा टाक्यांची राहिली. कधीकधी औषध योग्य थरात न पोहोचल्याने ब्लॉक खरोखरच फसतो, हेही तितकेच खरे आहे.

सध्या सर्वाधिक वापरात असलेला ब्लॉक म्हणजे फेशिया इलियाका. जांघेत स्नायूवर एक पातळ, चिवट पडदा असतो आणि त्याखालून फीमोरल आणि मांडीच्या बाहेरच्या त्वचेचा हे मज्जातंतू जातात. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई तिरपी आत सरकताना दिसते, तो पांढरा पडदा क्षणभर दबतो आणि सुई पार होताच पुन्हा सपाट होतो. मग थोडे द्रव सोडले की पडदा आणि स्नायू यांच्यामध्ये काळी फट उघडते आणि ती पसरत जाते. फट उघडली नाही आणि स्नायूच फुगू लागला, तर सुई चुकीच्या थरात आहे असे समजून ती हलवतात. हा ब्लॉक द्रवाच्या पसरण्यावर अवलंबून असल्याने त्याला ३० ते ४० मिलिलिटर इतके सौम्य औषध लागते. जांघेच्या घडीच्या वरून तो दिला तर औषध पोटाच्या दिशेने चढते आणि अधिक मज्जातंतूंपर्यंत पोहोचते, म्हणून अलीकडे अनेक जण तीच पद्धत पसंत करतात.

चालतीबोलती:

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पहिल्यांदा उभे करण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून केवळ पाय लुळा पडण्याच्या शंकेबद्दल लिहिते.

ही भीती निराधार नाही. फीमोरल मज्जातंतू गुडघा सरळ ठेवणाऱ्या स्नायूला चालना देतो. तो बधिर झाला की रुग्णाला पाय ठीक वाटतो, पण वजन टाकताच गुडघा अचानक वाकतो. फेशिया इलियाका ब्लॉकमध्येही हे कमी-अधिक प्रमाणात घडते. त्यामुळे वेदना नाही म्हणजे पायात ताकद आहे, असा समज रुग्णाने आणि विशेषतः रात्री सोबत राहणाऱ्या नातेवाइकांनी करून घेऊ नये. वेदना नसलेला रुग्ण एकटाच उठून स्वच्छतागृहाकडे निघतो आणि पडतो, हा धोका मला ब्लॉकच्या अन्य कोणत्याही धोक्यापेक्षा मोठा वाटतो.

मी स्वतः उभे करण्याआधी पलंगावरच तपासते. गुडघ्याखाली माझा हात ठेवते आणि रुग्णाला गुडघ्याने तो हात गादीवर दाबायला सांगते. नंतर गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच वर उचलायला सांगते. टाच उचलून पाचेक सेकंद स्थिर ठेवता आली तर वॉकरच्या आधाराने आणि दोन माणसे बाजूला ठेवून उभे करते. नाही जमले तर पलंगाच्या कडेला बसवणे, पावले वर-खाली करणे, खोल श्वास घेणे एवढे त्या दिवशी करून घेते आणि काही तासांनी पुन्हा तपासते. बहुतेकांच्या बाबतीत हा उशीर काही तासांचाच असतो. उलट, वेदनेने आक्रसलेला रुग्ण दुसऱ्या दिवशीही पलंगाच्या कडेला बसायला तयार होत नाही आणि तो उशीर मला भरून काढता येत नाही.

अस्थिबंध:

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, मात्र वाचणाऱ्या सर्वांनी एक भेद ध्यानात घ्यावा. झिजलेला खुबा ठरवून पूर्ण बदलणे आणि मोडलेल्या खुब्यावर तातडीने शस्त्रक्रिया करणे, या वेदनाशमनाच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी आहेत.

ठरवून केलेल्या खुबा-बदलानंतरची वेदना गुडघा-बदलाच्या तुलनेत सहसा कमी असते. अशा रुग्णांना पॅरासिटामॉल, चालत असल्यास सूज कमी करणाऱ्या गोळ्या, शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मात्रा, आणि शस्त्रक्रिया संपवताना सांध्याभोवतीच्या पेशींमध्ये मी स्वतः टोचलेले बधिरीकरणाचे औषध एवढ्यावर भागते. यात पायाची ताकद जशीच्या तशी राहते आणि भूलतज्ज्ञांचा वेळही वाचतो. प्रॉस्पेक्ट या तज्ज्ञगटाने पूर्ण खुबा-बदलासाठी २०२१ साली दिलेल्या शिफारशींमध्ये एकदाच दिलेला फेशिया इलियाका ब्लॉक किंवा सांध्याभोवती टोचलेले औषध हे दोन्ही पर्याय ठेवले आहेत, तर फीमोरल ब्लॉक, कमरेतून दिला जाणारा लंबर प्लेक्सस ब्लॉक आणि एपिड्युरल (पाठीत नळी ठेवून दिले जाणारे बधिरीकरण) यांची शिफारस त्यांच्या दुष्परिणामांमुळे केलेली नाही. त्यामुळे ब्लॉक न मिळालेल्या प्रत्येक रुग्णाची हेळसांड झाली, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आणखी एक सूचना. सांध्याभोवती शल्यचिकित्सक औषध टोचणार असतील आणि भूलतज्ज्ञही ब्लॉक देणार असतील, तर दोघांनी शस्त्रक्रियेआधीच मात्रेबद्दल बोलून घेतले पाहिजे.

भूलवैद्य:

अस्थिबंध यांच्याशी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेबाबत माझे मतभेद नाहीत. मोडलेल्या खुब्याबाबत मात्र आहेत, कारण सांध्याभोवती टोचलेले औषध शस्त्रक्रियेच्या शेवटी मिळते आणि मृदगंधा यांच्या आई आत्ता या क्षणी पलंगावर वेदना सोसत आहेत. ती वेळ फक्त ब्लॉकनेच भरून काढता येते.

मात्रेचा मुद्दा त्यांनी काढला ते बरे झाले. ब्लॉकसाठी वापरल्या जाणाऱ्या रोपिवाकेन या बधिरीकरणाच्या औषधाची एका वेळची कमाल मात्रा साधारणपणे किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णाला १५० मिलिग्रॅम. ०.३७५ टक्के तीव्रतेचे ४० मिलिलिटर औषध दिले की हा कोटा पूर्ण संपतो. त्यावर शल्यचिकित्सकांनी आणखी टोचले तर ते मर्यादेबाहेर जाते. ०.२ टक्के तीव्रतेचे तेवढेच औषध ८० मिलिग्रॅम भरते, म्हणून वृद्ध आणि कृश रुग्णांत मी तीव्रता उतरवतो, द्रव कमी करत नाही. औषध रक्तात जास्त उतरल्यास ओठांना-जिभेला मुंग्या आल्यासारखे वाटणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, कानांत आवाज येणे अशी लक्षणे आधी दिसतात आणि दुर्लक्ष झाले तर झटके येणे किंवा हृदयाचे ठोके बिघडणे इथपर्यंत मजल जाते. म्हणून ब्लॉक देण्याआधी शिरेत सुई हवी, नाडी आणि रक्तदाब दाखवणारे यंत्र लावलेले हवे, आणि २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रव) हा उतारा हाताशी हवा. ब्लॉकनंतर किमान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवणेही त्यातच आले. वॉर्डातल्या पलंगावर घाईघाईने, यंत्राशिवाय ब्लॉक देणार असतील तर तुम्ही नम्रपणे पण स्पष्टपणे हरकत घ्यावी.

पायाची ताकद टिकवण्याच्या दृष्टीने २०१८ साली टोरोंटोतील भूलतज्ज्ञांनी वर्णन केलेला पेंग ब्लॉक आता बराच प्रचलित झाला आहे. त्यात सुमारे २० मिलिलिटर औषध सांध्याच्या पुढच्या आवरणाजवळ, कमरेतून मांडीकडे येणाऱ्या सोआस स्नायूच्या कंडरेखाली हाडाला लागून सोडतात. त्यामुळे सांध्याकडे जाणाऱ्या बारीक शाखा बधिर होतात आणि मुख्य फीमोरल मज्जातंतू बहुधा सुटतो. ‘बहुधा’ असे मी मुद्दाम लिहितो, कारण द्रव जास्त झाले किंवा भलत्या बाजूला पसरले तर ताकद याही ब्लॉकने कमी होते. शिवाय त्वचेवरच्या छेदाची वेदना यात झाकली जात नाही. त्यासाठी मांडीच्या बाहेरच्या मज्जातंतूला वेगळे थोडे औषध द्यावे लागते. मला स्वतःला आईंसारख्या रुग्णात फेशिया इलियाका आणि पेंग यांपैकी कोणताही चालेल. ज्या डॉक्टरांचा ज्यात हात बसलेला आहे, तो त्यांनी द्यावा.

ॲस्पिरिनची लहान मात्रा या दोन्ही ब्लॉकना आणि पाठीतल्या भुलेलाही आड येत नाही. रक्त पातळ करणारी अधिक जोरकस औषधे चालू असती तर पाठीतून भूल देण्याचा आणि लंबर प्लेक्ससासारख्या खोल ब्लॉकचा फेरविचार करावा लागला असता, कारण तिथे रक्तस्राव झाला तर तो बाहेरून दाबून थांबवता येत नाही. मज्जातंतूला दीर्घकाळ टिकणारी इजा होण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे दर दहा हजारांत दोन ते चार एवढे सांगितले जाते.

सुहास्य:

मी डॉक्टर नाही, पण माझ्या वडिलांना खुब्याच्या शस्त्रक्रियेत असा ब्लॉक दिला होता, त्यावरून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शस्त्रक्रियेनंतर वडील संध्याकाळभर इतके निवांत होते की परिचारिकेने वेदनेबद्दल विचारले तेव्हा ‘काही दुखत नाही, गोळी नको’ असे सांगून त्यांनी रात्रीची गोळी परत पाठवली. पहाटे ब्लॉक उतरला आणि वेदना हळूहळू न वाढता एकदम उसळली. त्या वेळी दिलेली गोळी लागू पडेपर्यंतचा काळ फार कठीण गेला. ब्लॉक चालू असतानाच गोळ्या ठरल्या वेळी घेत राहावे, हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते.

मृदगंधा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संध्याकाळी मी भूलतज्ज्ञांना पुन्हा भेटले. शस्त्रक्रियागृहाशेजारच्या खोलीत, यंत्रे लावून, आजच ब्लॉक देण्यास त्यांनी होकार दिला आहे आणि शल्यचिकित्सकांशी मात्रेबद्दलही ते बोलणार आहेत. आणखी दोन शंका आहेत. आज दिलेला ब्लॉक उद्या शस्त्रक्रियेनंतर उरणारच नाही, मग पुढे काय? आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या आईला चालत नसताना ब्लॉक उतरल्यावर तिच्यासाठी काय उरते?

भूलवैद्य:

आजचा ब्लॉक उद्या दुपारपर्यंत बहुतांशी उतरलेला असेल. शस्त्रक्रियेच्या वेळी तो पुन्हा देता येतो. दोन्हींमध्ये पुरेसे तास गेलेले असले तर मात्रेचा हिशोब नव्याने मांडता येतो. काही डॉक्टर त्याच थरात बारीक नळी बसवून ठेवतात आणि तिच्यातून दोन-तीन दिवस औषध देत राहतात. माझ्या मते भ्रमाची शक्यता असलेल्या रुग्णाला जितक्या कमी नळ्या तितके चांगले, कारण ती ओढली जाते, सरकते आणि पाय अशक्त राहण्याचा काळही लांबतो.

ब्लॉक उतरल्यानंतरचा मुख्य आधार पॅरासिटामॉलच राहील, मात्र ती ‘दुखल्यास’ न देता घड्याळाच्या काट्यावर द्यायची असते. आईंचे वजन ५० किलोंपेक्षा कमी असल्यास तिची मात्रा उतरवावी लागते, हे परिचारिकेला आवर्जून सांगा. सुहास्य यांनी लिहिल्याप्रमाणे पहिली गोळी ब्लॉकचा असर चालू असतानाच पोटात गेली पाहिजे. त्याउपर वेदना असह्य झाली तर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचे, औषध अगदी लहान मात्रेत द्यावे लागेलही, परंतु मूत्रपिंड अशक्त असताना मॉर्फिनचे उपपदार्थ शरीरात साठतात आणि गुंगी वाढते. म्हणून त्याऐवजी दुसरे औषध निवडता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि पूर्वी झालेल्या भ्रमाची नोंद केसपेपरवर करून घ्या. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून छेदाच्या बाजूला ठेवणे, चष्मा आणि श्रवणयंत्र आईंच्या हाताशी असणे, रात्री ओळखीचे माणूस जवळ असणे या गोष्टींचा औषधाइतकाच उपयोग होतो.

चालतीबोलती:

एक निरीक्षण राहिले होते. ब्लॉकमुळे मांडीची पुढची बाजू बधिर होईल आणि गुडघा अशक्त राहील, ते ठीक आहे. परंतु पाठीतली भूल पूर्ण उतरल्यावरही आईंना घोट्यातून पाऊल वर उचलता येत नसेल किंवा पावलाची वरची बाजू बधिर असेल, तर ते ब्लॉकमुळे आहे असे मानून थांबू नका. फेशिया इलियाका आणि पेंग हे दोन्ही ब्लॉक पावलाला चालना देणाऱ्या सायटिक मज्जातंतूपर्यंत पोहोचत नाहीत. शस्त्रक्रियेत त्या मज्जातंतूवर ताण आला असेल किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस काही दाबले जात असेल, तर ते त्याच दिवशी शल्यचिकित्सकांच्या कानावर जायला हवे.

अस्थिबंध:

सहमत आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फेरीत मी स्वतः दोन्ही पावले वर-खाली करायला सांगतो आणि तशी नोंद करतो. तुम्हीही शस्त्रक्रियेआधी, आजच ब्लॉक देण्यापूर्वी, आईंची दोन्ही पावले कशी हलतात ते डॉक्टरांना पाहून नोंदवायला सांगा, म्हणजे उद्या तुलना करता येईल.